एकाआड एक ओळ : पडद्यावरच्या गुंफणीचा इतिहास आणि आपल्या कपाटातल्या फिती



आजचा विषय ऐकायला तांत्रिक वाटतो, पण सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. लग्नाची किंवा यात्रेची जुनी शूटिंग आपण संगणकावर लावतो. माणसं स्थिर उभी असतील तोवर सगळं ठीक दिसतं. कुणी हात हलवला, नाचायला पाय उचलला, की त्या हाताच्या, पायाच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटतात. तीच कॅसेट जुन्या, मागून फुगीर टीव्हीवर लावली असती तर असलं काही दिसलं नसतं. मग बिघाड कुठे आहे? कॅसेटमध्ये, संगणकात, की शूटिंग करणाऱ्याच्या हातात?

उत्तर असं, की बिघाड कुठेच नाही. चित्र दाखवण्याच्या दोन वेगवेगळ्या रीती तिथे एकमेकींना भिडल्या आहेत. एकीचं नाव इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची गुंफण. दुसरीचं नाव प्रोग्रेसिव्ह, म्हणजे ओळीमागून ओळ, सलग. घरच्या टीव्हीला जोडलेल्या छोट्या संगणकावर कोडी किंवा व्हीएलसीसारखं सॉफ्टवेअर असलं, तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘डीइंटरलेस’ नावाचा एक पर्याय असतो. बहुतेक लोक त्याच्याकडे बघतही नाहीत. त्या पर्यायामागे जवळजवळ ९० वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि एटापल्ली, भामरागड, अहेरी या पट्ट्यातल्या किती आठवणी पुढच्या पिढीला धड बघायला मिळतील, हेही थोडंफार त्याच्यावर अवलंबून आहे. म्हणून हा विषय इथे मांडतो आहोत.

गुंफण म्हणजे काय

जुन्या टीव्हीच्या नळीत इलेक्ट्रॉनचा एक झोत असतो. तो पडद्यावर डावीकडून उजवीकडे ओळ ओढतो, मग खालची ओळ, मग त्याच्या खालची. शेवटच्या ओळीपर्यंत पोचला की पुन्हा वर येतो. सलग रीतीत तो पहिली, दुसरी, तिसरी, चौथी अशा सगळ्या ओळी क्रमानं ओढतो. गुंफणीच्या रीतीत तो आधी पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम ओळी ओढतो, मग वर येऊन दुसरी, चौथी, सहावी अशा सम ओळी भरतो. या अर्ध्या चित्राला ‘फील्ड’ म्हणतात. दोन फील्ड मिळून एक पूर्ण चित्र, म्हणजे ‘फ्रेम’ होते.

आपल्याकडच्या धानाच्या बांधीचं उदाहरण घेऊ. समजा, रोवणी करणाऱ्या बायांनी ठरवलं की आधी एक ओळ सोडून एक ओळ रोवायची, आणि मग परत येऊन मधल्या ओळी भरायच्या. पहिल्या फेरीतच लांबून पाहणाऱ्याला अख्खी बांधी हिरवी दिसेल. विरळ असेल, पण वरपासून खालपर्यंत हिरवी. क्रमानं रोवलं असतं तर तेवढ्याच वेळात वरची अर्धी बांधी हिरवी आणि खालची अर्धी नुसता चिखल दिसला असता. गुंफणीचा फायदा नेमका हाच: अर्ध्या मेहनतीत डोळ्याला पूर्ण चित्राचा भास.

यातली एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची. दोन फेऱ्यांच्या मध्ये वेळ जातो. आपल्या पद्धतीच्या टीव्हीत हा वेळ सेकंदाचा पन्नासावा भाग. तेवढ्यात नाचणाऱ्याचा पाय पुढे सरकलेला असतो. म्हणजे विषम ओळींमध्ये पाय एका जागी, सम ओळींमध्ये दुसऱ्या जागी. दोन क्षण एकाच चौकटीत विणलेले. संगणकानं ते एकाच वेळी दाखवले की कंगवा दिसतो. कंगव्याचा प्रत्येक दात म्हणजे वेळेतला फरक आहे.

लंडन, १९३६

असली भानगड कुणी आणि का केली? त्या काळी दुसरा मार्ग परवडणारा नव्हता म्हणून.

सिनेमावाल्यांना एक गोष्ट आधीच कळली होती. सेकंदाला २४ चित्रं दाखवली तर हालचाल सलग वाटते, पण उजेड लुकलुकतो आणि डोळा शिणतो. त्यांनी उपाय सोपा केला. प्रोजेक्टरच्या पात्यानं प्रत्येक चित्र दोनदा उघडायचं. चित्रं २४ च, पण झपके ४८. टीव्हीत हे जमत नव्हतं. तिथे चित्र आकाशातून ओळीओळीनं येतं आणि क्षणात विझतं. साठवून पुन्हा दाखवायला त्या काळच्या संचात जागाच नव्हती. लुकलुक थांबवायची तर सेकंदाला पन्नासेक वेळा पडदा उजळायला हवा, आणि पन्नास पूर्ण चित्रं पाठवायची तर दुप्पट रुंद लहरपट्टा हवा.

जर्मनीत टेलिफुंकेनच्या फ्रिट्झ श्रोटर यांनी १९३० मध्ये आणि अमेरिकेत आरसीएच्या रँडल बॅलर्ड यांनी १९३२ मध्ये गुंफणीच्या कल्पनेचं पेटंट मागितलं. अर्धी-अर्धी चित्रं पाठवा. झपके पन्नास, पण पूर्ण चित्रं पंचवीसच. लहरपट्टा अर्ध्यात भागला.

या दोन रीतींची पहिली जाहीर झुंज लंडनला झाली. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीनं अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित दूरचित्रवाणी सुरू केली, तेव्हा दोन पद्धती आठवड्याआड वापरायचं ठरलं होतं. एका आठवड्याला जॉन लोगी बेअर्ड यांच्या कंपनीची २४० ओळींची पद्धत. सेकंदाला २५ चित्रं, सलग, म्हणजे आजच्या भाषेत प्रोग्रेसिव्ह. दुसऱ्या आठवड्याला मार्कोनी-ईएमआयची ४०५ ओळींची गुंफलेली पद्धत, सेकंदाला ५० फील्ड. बेअर्ड यांच्या चित्रात लुकलुक स्पष्ट दिसायची. शिवाय त्यांचा कॅमेरा अवजड होता. तो आधी फिल्मवर चित्र घ्यायचा, ती फिल्म मिनिटभरात धुवायचा आणि मग तिचं प्रक्षेपण करायचा. आयझॅक शोएनबर्ग यांच्या हाताखालच्या ईएमआयच्या चमूकडे पूर्ण इलेक्ट्रॉनिक कॅमेरा होता. फेब्रुवारी १९३७ पासून बेअर्ड पद्धत बंद झाली.

न्यायानं सांगायचं तर बेअर्ड हरले ते एकट्या सलग चित्रामुळे नव्हे. कॅमेरा, ओळींची संख्या, सगळंच दुसऱ्या बाजूला जड होतं. पण निकालाचा परिणाम असा झाला, की पुढची साठेक वर्षं जगातला प्रत्येक देश टीव्ही सुरू करताना गुंफणच निवडत गेला. कंजुषीचा एक हिशेब जगाचा नियम झाला.

पन्नास हा आकडा आपल्या खांबावरून आला

सेकंदाला पन्नासच का? कारण युरोपातली वीज ५० हर्ट्झची होती. टीव्हीचा ताल आणि विजेचा ताल सारखा ठेवला, तर विजेच्या गुणगुणीमुळे चित्रावर येणारे पट्टे निदान सरकत नाहीत, एका जागी राहतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे ६० फील्ड. भारतात वीज ५० हर्ट्झची. दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झालं, आणि आपल्याकडे युरोपीय रिवाजाचीच चौकट रुजली: ६२५ ओळी, त्यांतल्या ५७६ प्रत्यक्ष चित्राच्या, सेकंदाला ५० फील्ड.

प्रत्येक वाहिनीला ७ मेगाहर्ट्झची जागा दिलेली. आता हिशेब करून बघा. १७४ ते २३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५६ मेगाहर्ट्झ जागा आहे. सात-सातच्या आठ वाहिन्या बसतात. पन्नास पूर्ण चित्रं पाठवायची ठरवली असती तर वाहिनीची जागा ढोबळमानानं दुप्पट लागली असती, आणि आठाच्या चारच वाहिन्या झाल्या असत्या. गरीब देशाला गुंफण सोयीची होती, यात शंका नाही.

आपला गडचिरोली जिल्हा चंद्रपूरमधून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याच्या अकराच दिवस आधी, १५ ऑगस्ट १९८२ ला, दूरदर्शननं देशभर रंगीत राष्ट्रीय प्रसारण सुरू केलं. जिल्हा आणि रंगीत टीव्ही एकाच महिन्यातले. पण म्हणून जिल्ह्याच्या या टोकाला लगेच चित्र आलं, असं कुणी समजू नये. प्रक्षेपकाच्या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला, दाट जंगल आलं की चित्राच्या जागी मुंग्या. १९८४ साली देशात काही महिने जवळपास रोज एक या वेगानं लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले, पण अशा प्रक्षेपकाचा आवाका फार तर २०-२५ किलोमीटर. त्याआधी १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून शिक्षणाचा ‘साइट’ प्रयोग झाला. त्यात सहा राज्यांतल्या २४०० गावांत संच बसवले होते. शेजारचा मध्य प्रदेश त्यात होता, महाराष्ट्र नव्हता.

या भागात घराघरांत खऱ्या अर्थानं टीव्ही पोचवला तो छपरावरच्या छोट्या डिशनं. १६ डिसेंबर २००४ ला दूरदर्शनची विनाशुल्क थेट सेवा, डीडी डायरेक्ट प्लस, सुरू झाली. तिला प्रक्षेपक नको, केबल नको, डोंगराची अडचण नाही. फक्त आकाशाचा एक मोकळा तुकडा हवा. आणि गंमत बघा, चित्र डिजिटल झालं, उपग्रहावरून आलं, तरी आत तीच १९३० च्या दशकातली गुंफण: ५७६ ओळी, एकाआड एक.

सिनेमा वेगळा, स्टुडिओ वेगळा

इथे एक फरक समजून घेऊ, कारण पुढे सॉफ्टवेअरची गफलत होते ती नेमकी इथेच.

सिनेमा फिल्मवर असतो. फिल्मवरचं प्रत्येक चित्र एकाच क्षणाचं. पन्नास फील्डच्या देशांत सिनेमा टीव्हीवर दाखवताना साधी युक्ती करतात: २४ च्या जागी सेकंदाला २५ चित्रं पळवायची आणि प्रत्येकाची दोन फील्ड करायची. म्हणून अडीच तासांचा, म्हणजे १५० मिनिटांचा सिनेमा टीव्हीवर १४४ मिनिटांत संपतो. आवाजही चढतो. पांढरी एकमधलं गाणं काळी एकच्या दिशेनं जवळपास पाऊण वाट चढतं. शनिवारच्या मराठी सिनेमातली गाणी ज्यांनी वर्षानुवर्षं फक्त टीव्हीवर ऐकली आणि मग थिएटरात किंवा रेकॉर्डवर ऐकली, त्यांच्यातल्या तयार कानाच्या माणसाला ती जरा जड का वाटत असतील, ते यावरून कळेल.

महत्त्वाचं असं, की अशा सिनेमात विषम आणि सम दोन्ही ओळी एकाच क्षणाच्या असतात. गुंफण फक्त वेष्टणाला आहे, आतला माल सलगच आहे. दोन अर्ध्या एकमेकींत घातल्या की मूळ चित्र जसंच्या तसं परत मिळतं, कंगवा येत नाही.

स्टुडिओतलं नाटक, मुलाखत, क्रिकेटचा सामना किंवा व्हिडिओ कॅमेऱ्यानं केलेली शूटिंग यांचं तसं नाही. तिथे प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाची. सेकंदाला पन्नास वेगळे क्षण टिपलेले असतात. म्हणून व्हिडिओवरची हालचाल सिनेमापेक्षा जास्त सळसळीत, ‘लाइव्ह’ वाटते. त्या काळात स्टुडिओत व्हिडिओ आणि बाहेर १६ मिमी फिल्म ही जगभरची पद्धत होती, त्यामुळे एकाच कार्यक्रमात दोन्ही जातींचं चित्र सापडतं.

कॅसेट ते व्हीसीडी : इथून नुकसान सुरू होतं

आता आपल्या गावांकडे वळू. गणपतीत, मंडईत, लग्नात ‘व्हिडिओ आणणं’ हा एके काळी मोठा सोहळा असे. जनरेटर, टीव्ही, व्हीसीआर आणि रात्रभरात तीन सिनेमे. त्यानंतर कॅमेरा घेतलेले शूटिंगवाले आले. आधी व्हीएचएसवर, नंतर १९९५ पासून बाजारात आलेल्या डीव्ही पद्धतीच्या छोट्या कॅसेटवर, म्हणजे मिनी डीव्हीवर लग्नं, साखरपुडे, शाळेची स्नेहसंमेलनं, झाडीपट्टीची नाटकं, रेला नाच, यात्रा, सभा असं सगळं टिपलं जाऊ लागलं. हे सगळं गुंफलेलं. सेकंदाला पन्नास क्षण.

मग व्हीसीडीचा काळ आला. ज्या एमपीईजी-१ पद्धतीवर व्हीसीडी चालते, तिला गुंफण माहीतच नाही. ती फक्त सलग चित्र ओळखते आणि आकारही छोटा, २८८ ओळींचा. म्हणून कॅसेटवरून व्हीसीडी करताना बहुतेक वेळा दोनपैकी एक फील्ड सरळ फेकून दिली जाई. तासाभराच्या कॅसेटवर १,८०,००० फील्ड असतात. व्हीसीडीवर उरतात ९०,०००. ओळीही अर्ध्या आणि हालचालही अर्धी. ढोलावर काठी पडण्याचा क्षण फेकलेल्या फील्डमध्ये असेल तर तो गेला.

याहून वाईट प्रकार दुसरा. गुंफण न सोडवताच चित्राचा आकार बदलायचा, ५७६ ओळींच्या ४८० करायच्या. असं केलं की विषम आणि सम ओळी एकमेकींत कालवल्या जातात. भात आणि वरण कालवल्यावर पुन्हा वेगळं करता येत नाही, तसंच. कंगवा कायमचा चित्रात भाजला जातो. नंतर कुठलंही सॉफ्टवेअर तो काढू शकत नाही. तिसरा प्रकार दोन फील्ड मिसळून सरासरी करण्याचा. त्यात कंगवा जातो, पण प्रत्येक हलणाऱ्या माणसाला भुतासारखी दुसरी सावली चिकटते.

“आमचं यूट्यूबवर चढवलेलं आहे, आता कॅसेटची काळजी नाही,” असं म्हणणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. यूट्यूब सेकंदाला ३० पेक्षा जास्त चित्रं २०१४ पासून स्वीकारू लागलं. त्याआधी चढवलेल्या प्रत्येक शूटिंगमध्ये आपले पन्नास क्षण मावणं शक्यच नव्हतं.

संगणकाचा हट्ट

संगणकानं गुंफण मनापासून कधीच स्वीकारली नाही. त्याच्या पडद्यावर बारीक अक्षरं, पातळ आडव्या रेघा असतात. गुंफलेल्या पडद्यावर एका ओळीएवढी पातळ रेघ सेकंदाला पंचवीसदाच उजळते आणि थरथरते. म्हणून १९९० च्या दशकात अमेरिकेत डिजिटल टीव्हीचं मानक ठरताना संगणकवाले म्हणाले, आता सलगच ठेवा. प्रसारक म्हणाले, आमची सगळी यंत्रं गुंफणीची आहेत. शेवटी डिसेंबर १९९६ मध्ये सरकारनं चित्राचा साचा कोणता हे ठरवायचंच टाळलं. परिणाम असा, की एबीसी आणि फॉक्स ७२० पी कडे गेले, सीबीएस आणि एनबीसी १०८० आय कडे. इथला ‘पी’ म्हणजे प्रोग्रेसिव्ह आणि ‘आय’ म्हणजे इंटरलेस्ड.

आकडे मांडले तर दोघांचं वजन जवळपास सारखंच निघतं. आपल्या पन्नासच्या हिशेबानं १०८० आय मध्ये सेकंदाला सुमारे ५ कोटी १८ लाख ठिपके, ७२० पी मध्ये ४ कोटी ६१ लाख. एक जण बारकावे जास्त देतो, दुसरा हालचाल स्वच्छ देतो. भारतात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी एचडी आलं ते १०८० आय च्या वाटेनं, आणि डिशवरच्या एचडी वाहिन्याही त्याच वाटेनं गेल्या.

पण पडदाच बदलला. आजचा सपाट एलसीडी किंवा एलईडी टीव्ही ओळ ओढत नाही. त्याचे सगळे ठिपके कायम उजळलेले असतात. त्याला गुंफलेलं चित्र गुंफलेल्या रूपात दाखवताच येत नाही. आधी ते कुणीतरी सोडवून द्यावंच लागतं. २०१२ मध्ये अतिउच्च दर्जाच्या चित्राचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, त्यात गुंफण ठेवलेलीच नाही. म्हणजे बेअर्ड यांची सलग रीत पंच्याहत्तर वर्षांनी जिंकली. पण मधल्या काळात जगानं जे टिपलं, ते जवळपास सगळं गुंफणीत बांधलेलं राहिलं.

गुंफण सोडवायची कुणी?

इथे घरच्या मीडिया सेंटरचा प्रश्न येतो. २००२ च्या सुमाराला मिथटीव्ही आलं, मायक्रोसॉफ्टचं मीडिया सेंटर आलं. एक्सबॉक्ससाठी सुरू झालेल्या प्लेअरचं पुढे एक्सबीएमसी झालं आणि २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी पडलं. २९ फेब्रुवारी २०१२ ला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक विक्रीला आला आणि हे सगळं स्वस्तात घरात शिरलं.

अशा संगणकानं टीव्हीला चित्र द्यायचं ते दोन प्रकारे. एक, गुंफलेलं चित्र तसंच पुढे ढकलायचं आणि सोडवण्याचं काम टीव्हीवर सोपवायचं. दोन, सॉफ्टवेअरनं स्वतः सोडवून सलग चित्र द्यायचं.

घरात अजून जुना नळीचा टीव्ही असेल तर पहिली रीत उत्तम. रास्पबेरी पायच्या पहिल्या बोर्डावर पिवळ्या पिनेची जागा होती, आणि तिच्यातून निघणारं चित्र गुंफलेलं हवं की सलग, हे सेटिंगमध्ये ठरवता येई. गुंफलेलं ठेवलं तर ५७६ ओळी, सलग ठेवलं तर त्याच तारेतून २८८ च. पण पहिल्या रीतीला एक अट आहे: चित्राचा आकार ओळीच्याही फरकानं बदलायचा नाही आणि फील्डचा क्रम चुकू द्यायचा नाही. मिनी डीव्हीत आधी खालची फील्ड येते, एचडी कॅमेऱ्यात आधी वरची. क्रम उलटा झाला की काळ दुसरा, पहिला, चौथा, तिसरा असा चालतो. नाचणारा एक पाऊल पुढे, एक मागे असा थरथरत पुढे सरकतो. कंगव्यापेक्षा हे डोळ्याला जास्त खुपतं.

सपाट टीव्हीसाठी दुसरी रीत. तिचे प्रकार थोडक्यात सांगतो. ‘वीव्ह’ म्हणजे दोन्ही फील्ड एकमेकींत घालणं. सिनेमासाठी हेच बरोबर, शूटिंगसाठी चूक. ‘बॉब’ म्हणजे प्रत्येक फील्ड ताणून पूर्ण चित्र करणं. पन्नासही क्षण वाचतात, पण स्थिर चित्र किंचित वरखाली हलतं. ‘ब्लेंड’ म्हणजे मघाची भुताची सावली. सर्वांत शहाणा प्रकार हालचाल ओळखणारा: जिथे काही हलत नाही तिथे दोन्ही फील्डच्या ओळी ठेवायच्या, जिथे हलतं तिथे अंदाजानं मधली ओळ भरायची. यादिफ हा मुक्त सॉफ्टवेअरमधला प्रसिद्ध फिल्टर असा चालतो. त्यातही ‘दुप्पट’ पर्याय निवडला तरच पंचवीस फ्रेममधून पन्नास चित्रं मिळतात; नाहीतर तो पंचवीसच देतो.

आणखी एक साधी गोष्ट. संगणक टीव्हीला सेकंदाला ६० चा ताल देत असेल आणि शूटिंग ५० ची असेल, तर कितीही चांगली सोडवणूक केली तरी चित्र अडखळत चालतं. कोडीत पडद्याचा ताल चित्राप्रमाणे बदलण्याचा पर्याय आहे. तो चालू ठेवावा.

मग आपण काय करायचं

इतका इतिहास ऐकल्यावर कुणी विचारेल, यात आमच्या गावाचं काय अडलं आहे?

माडिया बोली लिहिली गेली कमी, बोलली-गायली गेली जास्त. पंडुमची गाणी, रेलाची पावलं, गोटुलातले खेळ, म्हाताऱ्या माणसांनी हातवारे करत सांगितलेल्या गोष्टी यांचा कागदावरचा पुरावा थोडा आहे. सुरजागडला ठाकूरदेवाची यात्रा भरते त्या डोंगरांत आता लोहखनिजाचं उत्खनन चालतं, आणि जुन्या डोंगराचं रूप बदलत चाललं आहे. अशा ठिकाणी १९९० ते २०१० या काळात शूटिंगवाल्यांनी, शिक्षकांनी, संस्थांच्या कार्यकर्त्यांनी भरलेल्या कॅसेटी हाच दस्तऐवज आहे. पुस्तक शंभर वर्षं टिकतं. चुंबकीय फीत तशी टिकत नाही, आणि इथल्या पावसाळ्यात तर तिला बुरशी लागते. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई. तिनं २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. युनेस्को आणि ध्वनी-चित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१९ मध्ये इशारा दिला होता, की चुंबकीय फितींवरचा मजकूर २०२५ च्या आसपासपर्यंत उतरवून घ्यायला हवा. ती मुदत येऊन गेली आहे. कॅसेटी बहुधा एकदाच उतरवल्या जातील. त्या एका वेळी काय जपायचं, हे आधी ठरलेलं असावं.

आमचं सांगणं एवढंच आहे: उतरवताना गुंफण सोडवू नका. ती दाखवताना सोडवा.

मिनी डीव्ही असेल तर फायरवायरच्या तारेनं तिची हुबेहूब डिजिटल नक्कल होते, तासाला सुमारे १३ जीबी. एका टीबीच्या हार्ड डिस्कवर अशा पंचाहत्तरेक कॅसेटी बसतात. व्हीएचएस असेल तरी ५७६ ओळी, गुंफलेल्या, तशाच उतरवून घ्या. ही झाली ठेवायची प्रत. तिला हात लावायचा नाही, आकार बदलायचा नाही. दुकानदार म्हणेल, “दादा, साफ करून, एचडी करून देतो,” तर त्याला सांगायचं, साफ केलेली वेगळी दे, पण आधी कच्ची दे. मोबाइलवर पाठवायला, गावात दाखवायला दुसरी प्रत करा: हालचाल ओळखून सोडवलेली, सेकंदाला पन्नास चित्रांची.

कच्ची प्रत का ठेवायची, तर सोडवण्याची तंत्रं दर काही वर्षांनी सुधारतात. १९९८ ला जे ‘बॉब’नं केलं असतं ते आज त्याहून चांगलं होतं, आणि दहा वर्षांनी आणखी चांगलं होईल. पण त्यासाठी पुढच्या माणसाच्या हाती १,८०,००० फील्ड असायला हव्यात. आपण ९०,००० च ठेवल्या, तर तो हुशार असून उपयोग नाही.

ज्या शाळेत, ग्रामपंचायतीत, संस्थेच्या कार्यालयात किंवा तुमच्या घरच्या पेटीत अशा कॅसेटी असतील, त्यांची निदान यादी या पावसाळ्याआधी करा: कुठली कॅसेट, कधीची, कुणी काढली, त्यात कोण कोण आहे. नावं सांगू शकणारी म्हातारी माणसं अजून आहेत. ते काम कुठल्याही यंत्रावाचून उद्या सकाळीच सुरू होऊ शकतं.

 आता प्रश्न विचारा.